फोन नंबर: नाही

रात्री मिहानमधल्या काचेच्या इमारतीत
मी अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं तपासते.
आज समोर आली लोव्हायना झूक, वय सात.
ट्रकनं घोडागाडीला मागून धडक दिली, डावी मांडी मोडली.
फोन नंबर: नाही.
फोटो: नाही.
विमा: नाही.
पैसे कोण भरणार, या रकान्यात एकच शब्द: मंडळी.

सिस्टीम लाल होऊन थांबली.
टीम लीडर म्हणाला, हेडाऊ मॅडम, हे अमिश लोक.
शेताच्या टोकाला एक खोपटं असतं, चार घरांत मिळून एक फोन.
वाजवत राहा. गाईंकडे जाता-येता कोणी उचललं तर उचललं.

मी वाजवत राहिले.
मधल्या सुटीत डबा उघडला आणि त्यांचं वाचत बसले.
अंगरख्याला गुंड्या नाहीत, हूक.
दाढी आहे, मिशी नाही,
कारण मिशा तेव्हा शिपाई ठेवायचे.
बाहुल्या आहेत, बाहुल्यांना चेहरा नाही.
चारशे-पाचशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज एवढंच म्हणाले होते
की लेकराला न विचारता देवाच्या पाण्यात घालू नका,
मोठं होऊ द्या, त्याचं ते उतरेल.
सरकारनं ऐकून घेतलं.
पाण्याची एवढी हौस? म्हणत
हात बांधून नदीत सोडलं.

एक जण पळाला गोठलेल्या तळ्यावरून.
मागचा शिपाई बर्फ फुटून आत गेला, ओरडला,
तर हा परत आला, त्याला ओढून वर काढलं,
आणि मग पकडून त्यालाच जाळलं.
शेजारचा पोरगा माझ्या खांद्यावरून वाचत होता.
येडाच होता ना बाप्पा, म्हणाला.
मी हो म्हटलं.
वांग्याची भाजी तशीच राहिली डब्यात.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन उचलला गेला.
मागे कोंबड्या.
माणूस हळू बोलत होता, प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखा.
पैसे शनिवारी पोचतील, म्हणाला, सगळे. मुलगी हसते आहे.
मी विचारलं, ट्रकवाल्यावर दावा?
तो म्हणाला, काल जेवायला आला होता. फार रडला बिचारा.
मग त्यानं विचारलं, तुम्ही कुठून बोलता, तिकडे काय पिकतं?
संत्री, मी म्हटलं,
आणि उगीच भरून आलं मला,
आमच्या घरात संत्र्याचं एक झाड नसताना.
दाव्याच्या रकान्यात सहा पर्याय होते.
मी 'इतर' निवडलं.

पहाटे कॅबवाल्यानं वर्धा रोडवर नव्वदनं हाणली.
मी पहिल्यांदाच म्हटलं, दादा, हळू.

तांडापेठेत बाबा जागेच होते.
चहा टाकता टाकता सगळं सांगितलं.
बाहेरच्या सगळ्यांना ते इंग्रज म्हणतात, बाबा,
म्हणजे तुम्हीसुद्धा इंग्रज.
बाबांना हसता हसता ठसका लागला.
"मी? एम्प्रेस मिलवाल्यायले सांगायले पायजे होतं हे."

मग म्हटलं, नवी कोणतीही वस्तू आली
की ते आधी एकत्र बसतात.
हिच्यामुळे घरं जवळ येतील की लांब जातील, बोलतात,
आणि मग घेतात, किंवा नाही म्हणतात.

बाबांनी बशी खाली ठेवली.
"पॉवरलूम आला तवा आपल्या गल्लीत कोनी बसलं नाही.
नुसता आवाज आला."
थोड्या वेळानं:
"आपन नाही म्हटलंच नाही, बाई.
आपल्याजवळ पैसे नव्हते, येवढंच."

हातमागाचा खड्डा होता तिथं आता फरशी आहे,
फरशीवर मी हप्त्यावर घेतलेलं वॉशिंग मशीन.
मी कपडे घातले, बटण दाबलं.
ते फिरायला लागलं तसे
बाबांचे पाय खाटेखाली हलू लागले,
आधी डावा, मग उजवा,
पावड्यांवर असल्यासारखे.
त्यांचं लक्ष नव्हतं.
मी मशीन बंद केलं नाही.